मक्याच्या शेताखालची आगबोट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर लोहमार्ग अद्याप पोहोचले नव्हते, त्यामुळे तेथे वस्ती करू निघालेल्यांचा खिळ्यापासून लोणच्यापर्यंतचा सारा संसार मिसूरी नदीतून आगबोटीनेच जात असे. पेनसिल्व्हेनियातील ब्राउन्सव्हिल येथे १८५३ साली बांधलेली, सुमारे १७१ फूट लांबीची ‘अरेबिया’ ही अशाच कामाची बोट होती. तिच्या दोन्ही बाजूंना वाफेच्या बळावर फिरणारी फळ्यांची मोठी चाके होती, आणि तळ सपाट असल्याने ती उथळ पाण्यातही चाले. बाष्पकासाठी, म्हणजे पाण्याची वाफ करणाऱ्या भांड्यासाठी, लागणारे सरपण मात्र अशा सर्वच बोटी काठावरून घेत, आणि त्या तोडीने मोकळे पडलेले काठ ढासळून झाडे मुळांसकट नदीत येत. अशा झाडाचे मूळ गाळात रुते व शेंडा प्रवाहाच्या दिशेने झुकून, वर चढणाऱ्या बोटीवर भाल्यासारखा रोखलेला, पाण्याखाली दडून राही. मिसूरीत शेकडो बोटी बुडाल्या, त्यांतील बहुतेकींचा घात याच झाडांनी केला.

५ सप्टेंबर १८५६ रोजी पार्कव्हिल गावाजवळ अक्रोडाच्या अशाच एका बुंध्याने ‘अरेबिया’चा तळ फोडला. सगळे प्रवासी वाचले. बांधून ठेवलेले एक खेचर तेवढे बुडाले. पुढे नदीने पात्र बदलले आणि सुमारे दोनशे टन मालासह बोट कॅन्ससमधील एका मक्याच्या शेताखाली ४५ फूट खोल गाडली गेली. तिच्या शोधात असलेल्या हॉली कुटुंबाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८च्या हिवाळ्यात, पंपांनी भूजल अहोरात्र उपसत, ती खणून काढली. गाळात हवा पोहोचत नसल्याने लोकर, रेशीम व कातडे टिकले होते, परंतु सुती धागा विरघळला होता. म्हणून हजारो बूट तळवे आणि वरचे कातडे सुटे झालेल्या स्थितीत हाती आले व ते पुन्हा शिवावे लागले. बंद बाटल्यांतील लोणच्यांचा रंगही उडाला नव्हता.

हा माल विकून पैसा करण्याचा मूळ बेत शोधकांनी सोडला आणि १९९१ साली कॅन्सस सिटीत त्याचे संग्रहालय उभारले. उत्खननाइतकेच श्रेय या निर्णयाला द्यावे लागेल, कारण माल सुटासुटा विकला गेला असता तर सीमेवरच्या साध्या दुकानात १८५६ साली काय काय येत होते, हे इतक्या सलगपणे कळले नसते.