पूर्वचारित्र्याची पडताळणी



सरकारी नोकरी लागणे ही आपल्या रत्नागिरीकडे आजही साऱ्या घराच्या आनंदाची गोष्ट असते. निवडयादीत मुलाचे नाव आले की पेढे वाटले जातात. परंतु यादी आणि खुर्ची यांच्यामध्ये एक कागद असतो. त्यास साक्षांकन नमुना म्हणतात. त्याविषयीच आम्ही आज बोलणार आहोत.

सरकारी जागेवर कोणास घ्यावे, हा वाद जुना आहे. आपल्याच जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचे सभासद होते. तेव्हा हिंदी माणसास वरच्या जागा किती द्याव्यात, हा प्रश्न होता. म्हणजे पाहिला जाई तो जन्म. आज पाहावयाचे ते वर्तन. पण वर्तन पाहावयाचे कसे?

समजा, शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत बाचाबाची झाली. एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव फिर्यादीत गेले. पुढे तडजोड झाली. पाच वर्षांनी तोच मुलगा निवडला गेला. नमुन्यात प्रश्न आहे : कधी खटला झाला होता काय? वडील म्हणतात, "मिटले ते मिटले. 'नाही' लिही." मुलगा तसे लिहितो. पोलिस ठाण्यातून जुनी नोंद वर येते. भांडणाने बहुधा जी नोकरी गेली नसती, ती या दोन अक्षरांनी धोक्यात येते.

२०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता बराच सोडविला. माहिती खरीच दिली पाहिजे, हे न्यायालयाने बजावले. मात्र तरुणपणची घोषणाबाजी किंवा असाच क्षुल्लक गुन्हा लपविला गेला असेल, तर अधिकाऱ्यास विवेकाने तिकडे दुर्लक्ष करता येते. प्रश्नही स्पष्ट हवा. जे नेमके विचारलेच नाही, ते लपविले असे म्हणता येत नाही. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे, असा हक्क मात्र न्यायालयाने दिलेला नाही.

पडताळणीलाही मर्यादा असते. मध्य प्रदेशातील एका शिक्षकास पूर्वीच्या राजकीय संबंधांविषयीच्या पोलिस अहवालावरून काढून टाकले होते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. माणसाची मते आणि त्याचा गुन्हा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तेव्हा आमचे मागणे दोघांकडे आहे. कचेरीने नुसती नोंद पाहून शिक्का मारू नये. नोंद कशाची, वय काय, आणि त्या कामाशी तिचा संबंध काय, हे पाहावे. नकार द्यावयाचा तर कारण लेखी द्यावे. आणि आईबापांनी मुलास 'नाही' लिहावयास शिकवू नये. न्यायालयाच्या निकालाची प्रत जपून ठेवावी आणि नमुन्यास जोडावी. ज्याने लोकांचे दाखले पुढे तपासावयाचे, त्याचा स्वतःचा पहिला कागद तरी खरा असावा.