पडद्यावरच्या घरातले काम



कळंबोली हे लोखंडाचे गाव. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जिथे सुरू होतो, त्याच्या लगतच लोखंडाचा बाजार आहे. सळ्या, पत्रे, तुळया यांचे ढीग आणि मालमोटारींच्या रांगा. पलीकडे सिडकोची घरे. तिथली पुष्कळ मंडळी घाटावरून किंवा कोकणातून आलेली. कोणी माथाडी, कोणी कारकून, कोणी मालमोटार चालवणारा. संध्याकाळी सात वाजले की या घरांतून दूरचित्रवाणीच्या मालिका सुरू होतात. आणि गंमत बघा, पाहणारी सगळी माणसे दिवसभर राबून आलेली, पण पडद्यावरच्या घरात मात्र राबताना कुणी दिसत नाही!

मी काही टीकाकार नव्हे. जेवणाचे ताट पुढे घेऊन पाहणारा साधा माणूस. पण पाहता पाहता काही मते बनतात, ती आज आपल्यापुढे मांडतो.

मालिकेतली सून भरजरी साडी नेसून निजते आणि तशीच उठते. स्वयंपाकघर आहे, पण ते चोरून ऐकण्यासाठी. घरधनी कचेरीत जातो. तिथे तो करतो काय, हे शंभर भाग झाले तरी कळत नाही. गॅस संपत नाही, नळाचे पाणी जात नाही, विजेचे बिल येत नाही. कुणी एक शब्द वावगा बोलला, की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन तीन वेळा दाखवायचा आणि वर ढोलताशा.

यात दोष नटांचा नाही. रोज नवा भाग द्यायचा म्हटले, की रोज नवी जागा परवडत नाही. एकच दिवाणखाना उभारतात आणि त्यातच वर्षानुवर्षे भांडतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री तिच्यात होती. पण इतके भाग भरायचे म्हणजे पाणी घालावेच लागते. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकरांनी चि. वि. जोशींचा चिमणराव घरोघर पोचवला, तेव्हा दोन भागांमध्ये श्वास घ्यायला जागा असे. चित्र काळे-पांढरे होते, माणसे मात्र ओळखीची वाटत.

आपण म्हणाल, करमणूकच ना ती, चालायचेच. पण माझ्या ओळखीच्या एका मुलाने शाळेच्या कागदावर वडिलांचा धंदा विचारला तिथे नुसते ‘व्यवसाय’ असे लिहिले. वडील बाजारात लोखंड उचलतात. १९६९ साली या राज्यात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला, तो अशाच पाठींवरच्या ओझ्यासाठी. पोराला त्या पाठीची लाज वाटली. सगळे खापर मालिकांवर फोडणार नाही. पण रोज संध्याकाळी जे घर ‘चांगले’ म्हणून समोर येते, त्यात अशा बापाला जागाच नसेल, तर मुलाने काय समजावे?

म्हणून नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) मला मोलाचा वाटतो. त्यातल्या जब्यालाही घरच्या कामाची लाज आहे. वडिलांना गावातली डुकरे धरावी लागतात आणि नेमकी शाळेतली मुले ते बघायला जमतात. किशोर कदम यांनी बाप असा उभा केला आहे, की त्याची चीड येते आणि पोटात तुटतेही. डुक्कर हाताशी आलेले असते, तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर खांद्यावर टाकून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि तिच्यावर आंबेडकर, फुले यांची चित्रे. संवाद एक नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा चित्रपट वरच्या वर्गांना दाखवाच. त्यातल्या शिव्यांना भिऊ नका. त्या मुलांना आपल्याआधीच ठाऊक असतात.

‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर तो मान मराठीला पुन्हा मिळाला, तो थेट ‘श्वास’ला, २००४ साली. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे काढावे लागणार, आणि खेड्यातला आजोबा शहरातल्या रुग्णालयात कागद, सह्या, तारखा यांत गोंधळून गेलेला. अरुण नलावडे यांचा तो आजोबा आपल्याकडच्या कुठल्याही एस. टी. थांब्यावर भेटेल. शस्त्रक्रियेआधी पोराला घेऊन तो रुग्णालयाबाहेर निघून जातो, जग दाखवायला. आमच्याकडे त्या वेळी कुणी पाण्यालासुद्धा उठले नाही.

‘कोर्ट’ (२०१४) मात्र घरात सगळ्यांना रुचला नाही. फार संथ, असे शेजारच्या काकूंचे म्हणणे. थोडे खरेही आहे. पण एका शाहिराविरुद्ध तावातावाने बोलणारी सरकारी वकीलबाई संध्याकाळी लोकलने घरी येते, मुलाला घेते, पोळ्या लाटते, तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, “ही आपल्यासारखीच की!” तसेच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चे. फाळक्यांचे सगळे घरच तिथे चित्रपट करायला जुंपलेले दिसते. खुद्द सरस्वतीबाई फाळक्यांनी त्या काळी मंडळींचा स्वयंपाक सांभाळून चित्रफितीला भोके पाडण्याचे कामही केले होते. आता यावर मालिका काढली, तर त्या फक्त औक्षण करतील!

मुलांना घेऊन पाहायचा असेल तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) पाहावा. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला पारितोषिक दिले. वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत, बदलीवर कोकणात आलेली. मुलाला नवी शाळा नको आणि आईला कचेरीतले वरचे दडपण. पाऊस, समुद्र, सायकली, सगळे आहे. पण माझ्या लक्षात राहिली ती टेबलावरच्या कागदांपुढे बसलेली अमृता सुभाष. तिला घरी मूल आहे हे त्या कचेरीत कुणाच्या गावीही नाही, आणि आईला तिथे काय सोसावे लागते हे मुलाला ठाऊक नाही. पाहून झाल्यावर आपल्या मुलांना एवढेच विचारा, की तिला दिवसभर काय काय करावे लागले. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.