पोटाचा घेर आणि आपल्या साठीतल्या तायाबाया
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेले बोलणे)

तायांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो, आज मी खास तुमच्यासाठीच उभी राहिलेय.

पोट सुटलं की आपण म्हणतो, खात्यापित्या घरची आहे. पण उतारवयातली ही चरबी नुसती कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवती, यकृताभोवती साठते. शुगर आणि बीपी वाढायला तीच हातभार लावते. पाळी गेल्यावर तर चरबीचा ओढा पोटाकडेच असतो. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशा बाईचं वजन काट्यावर बरोबर दिसतं. म्हणून टेप लागते.

शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्ये टेप धरायची, श्वास सोडून मोजायचं. फोटो काढताना पोट आत ओढतो तसं इथं ओढायचं नाही! बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरते, त्यातही हा घेर असतो. ८१ ते ९० ला एक गुण, ९० च्या वर दोन. तिथं गुण जास्त म्हणजे धोका जास्त, तेव्हा खूश होऊ नका.

"आम्ही दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?" हे मला दर गावात ऐकायला मिळतं. राबता, खरंच. पण गुडघे धरले, सून आली, की राबणं कमी होतं आणि भाकरी तेवढ्याच राहतात.

तर चालायचं. आठवड्यात १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा दहा मिनिटं तीनदा चाला. वेग असा, की शेजारणीशी बोलता यावं पण ओवी म्हणता येऊ नये. पायात चप्पल घट्ट हवी, सपाता नकोत.

नुसत्या चालण्यावर भागत नाही. वयाबरोबर मांड्यांचं मांस झडतं, तेही राखायचंय. जड खुर्ची भिंतीला लावा, हात छातीशी धरा, आणि उठा-बसा, दहा वेळा. मग भिंतीला तळवे टेकून अंग पुढे-मागे करा. आठवड्यातून दोन दिवस तरी हे करायचं. श्वास कोंडू नका. उताणं झोपून धड उचलायचा व्यायाम मात्र साठीत नको. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, आणि हाडं ठिसूळ असतील तर मणक्याला इजा होते. बाजारातल्या पट्ट्यांनी फक्त घाम जातो, आणि पैसे.

छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये. आणि एक नीट ऐका. पोट थोड्या आठवड्यांत वाढलं, भूक मेली, हातपाय मात्र वाळले, तर ती चरबी समजू नका. डॉक्टरांना दाखवाच.

राहिली लाज. म्हातारी चालायला निघाली की पारावरचे हसतात, हे मी पाहिलंय. एकटी असली की हसतात, पाचजणी असल्या की वाट देतात. म्हणून प्रत्येक गटाने आपल्या वयस्कर बायकांच्या जोड्या आजच लावायच्या.

टेप ग्रामसंघाच्या पेटीत ठेवलीय. घेर दर महिन्याला बचतीच्या दिवशी मोजायचा, ज्याचा त्याने आपल्या वहीत लिहायचा, सभेत वाचायचा नाही. आज कुणाला मोजायचा असेल त्यांनी चहाच्या आधी आतल्या खोलीत या.