ख्रिस्ती घर आणि मुलांची श्रद्धा

ख्रिस्ती कुटुंबात मूल जन्मले की त्याच्या श्रद्धेची पहिली जबाबदारी आई-वडिलांवर येते, आणि ती चारचौघांसमक्ष बोलून घेतली जाते. कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आधी आई-वडिलांकडेच वळतात. मुलाला श्रद्धेत वाढवण्याचा भार आपण उचलत आहोत याची त्यांना जाणीव आहे ना, असे विचारतात आणि होकार आल्यावरच पुढचा विधी करतात. बाळाच्या कपाळावर आधी धर्मगुरू बोटाने क्रूसाची खूण करतात, मग आई-वडील करतात. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती घरच्यांच्या हाती दिली जाते आणि ती तेवत ठेवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले जाते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांतही बालबाप्तिस्म्याच्या वेळी पालक असेच वचन देतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या कबुलीने होतो. तिथे तान्ह्या बाळाचे समर्पण करतात, पण वचन देणारे आई-वडीलच असतात. पुष्कळ घरांत हे वचन केक आणि फोटोंच्या गडबडीत त्याच संध्याकाळी विसरले जाते, ही गोष्ट वेगळी.

पालकांवरचा हा भार चर्चने मागाहून लादलेला नाही. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात मोशे इस्राएल लोकांना बजावतो की देवाच्या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबवाव्यात. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत राहावे. इथे मंदिराचा किंवा याजकाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो घराचा, रस्त्याचा आणि अंथरुणाचा. नव्या करारात पौल तरुण तीमथ्याला त्याच्या विश्वासाचे मूळ दाखवतो ते त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. तीमथ्याचे वडील ग्रीक होते. म्हणजे घर मिश्र विवाहाचे होते, आणि तरीही आजी व आई यांनी पोराला लहानपणापासून शास्त्र शिकवले होते. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने १५२९ साली आपली छोटी प्रश्नोत्तरी काढली, तेव्हा घरच्या कर्त्याने ती आपल्या घरच्या माणसांना सोप्या रीतीने शिकवावी, अशी सूचना प्रत्येक भागाच्या माथ्यावर घातली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आई-वडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आणि हे काम त्यांच्याकडून झाले नाही तर ती उणीव भरून काढणे फार अवघड असते, हेही नोंदवले. एरवी एकमेकांशी वाद घालणाऱ्या या परंपरांचे या एका बाबतीत एकमत आहे.

कोकणपट्टीच्या इतिहासाचाही हाच दाखला आहे. मुंबईजवळचा उरण-करंजाचा परिसर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. तिथल्या द्रोणागिरी किल्ल्यावर त्या काळच्या चर्चचे अवशेष आजही दिसतात. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. बहुतेक युरोपीय पाद्री निघून गेले, देशी धर्मगुरू थोडे राहिले. तरीही वसईपासून मुंबईपर्यंतच्या कोळी, आगरी, सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती वस्त्या टिकल्या. त्याचे मोठे श्रेय घरातल्या जपमाळेला, गावच्या क्रूसापुढे गायलेल्या लादिनीला आणि त्या म्हणणाऱ्या आजी-आयांना द्यावे लागते. किल्ल्यावर उरल्या त्या भिंती, वस्तीत टिकली ती श्रद्धा.

आजच्या द्रोणागिरीचे चित्र निराळे आहे. सिडकोने वसवलेले हे उपनगर जवाहरलाल नेहरू बंदर, कंटेनर यार्ड आणि उरणचे तेल-वायू प्रकल्प यांच्या शेजारी वाढत आहे. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. अशा नव्या उपनगरातले ख्रिस्ती कुटुंब बहुधा दुसरीकडून आलेले असते: वसईचे, अहिल्यानगरचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे. आजी गावी, चर्च चालत जाण्याच्या अंतरावर नाही, इमारतीत एखाददुसरेच ख्रिस्ती घर. संबंध महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडे कमी. जुन्या गावठाणात सगळी आळी मुलाला आपोआप वाढवत असे. शेजारची काकू प्रार्थनेची वेळ झाली म्हणून हाक मारी. नव्या उपनगरात ते काम दोन माणसांवर येऊन पडते, आणि त्यांतला एक बहुधा शिफ्टला असतो.

या परिस्थितीत पालकांची पहिली चूक म्हणजे काम वाटून देणे: धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, रविवारची शाळा आहे, मूल कॉन्व्हेंटमध्ये आहे, मग घरी वेगळे काय करायचे? रविवारचा वर्ग तासाभराचा, तोही परीक्षा आणि सुट्ट्या वजा जाता. कॉन्व्हेंट शाळेतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात आणि तिथे सर्वांना मिळते ते मूल्यशिक्षण. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणजे कायदाही हा निर्णय पालकांच्याच हाती ठेवतो. वर्गात शिकवणारी ताई दहा आज्ञा पाठ करून घेऊ शकते. त्या घरात पाळल्या जातात की नाही, हे मूल घरातच पाहते. वडील फोनवर खोटे सांगतात की ते घरी नाहीत, आणि मूल शेजारी बसून नववी आज्ञा पाठ करते (कॅथलिक क्रमाने ती आठवी), तेव्हा त्याच्या लक्षात काय राहते हे वेगळे सांगायला नको.

घरच्या प्रार्थनेची सुरुवात बाळ बोलू लागण्याच्या आधी होते. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर केलेली क्रूसाची खूण ही एका दिवसापुरती नसते; आई-वडील ती रोज करू शकतात. शाळेची बस खाली हॉर्न देत असते, डबा दप्तरात कोंबला जात असतो, एक मोजा सापडत नसतो. त्या धांदलीत अंगठ्याने कपाळावर केलेली खूण आणि ‘देव तुझं भलं करो’ एवढे शब्द पुरतात. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि सेकंड शिफ्टला दुपारी निघणाऱ्या वडिलांनाही ते सहज जमते. संध्याकाळची जपमाळ (रोजरी) किंवा कौटुंबिक उपासना सगळे घरी असतील तेव्हाच करायची, असा हट्ट धरला तर ती कधीच होत नाही. घरात दोघेच असतील तर दोघांनी करावी. लहान मुले असताना जपमाळेच्या पाच दशकांऐवजी एकच दशक म्हणावे. बायबलचा अख्खा अध्याय वाचण्याऐवजी एक प्रसंग वाचावा. लांबलेल्या प्रार्थनेत मूल पेंगते आणि वर बोलणीही खाते. प्रार्थना आणि बोलणी यांची अशी सांगड एकदा बसली की ती सुटता सुटत नाही.

वडिलांचा सहभाग हा यातला दुबळा दुवा आहे. प्रार्थना आईने सांगायची, चर्चला आईने न्यायचे, आणि वडिलांनी बाहेर स्कूटरजवळ उभे राहायचे, असे पुष्कळ घरांत चालते. त्यातून मुलगे एक धडा बिनचूक शिकतात: मोठे झाले की यातून सुटका होते. पौलाने इफिसकरांना लिहिताना मुलांना चिडीस न आणता प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याची सूचना नाव घेऊन बापांना दिली आहे.

भाषेचा प्रश्न द्रोणागिरीसारख्या ठिकाणी रोजचा आहे. मुले इंग्रजी माध्यमात, आजी मराठीत प्रार्थना करणारी, आई-वडील दोन्हींच्या मध्ये. याबाबत महाराष्ट्र-गोव्याचा अनुभव चारशे वर्षांचा आहे. मूळचे इंग्लंडचे आणि गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण मराठीत, ओवीछंदात रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि गायला-ऐकायला आपल्या बोलीतले काही हाती नव्हते. ती भूक त्यांनी ओळखली. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये बालबोधमेवा हे मुलांचे मासिक सुरू केले, तेही याच जाणिवेतून. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने उपासना-संगीत या गीतपुस्तकातून मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. मुलाला जी भाषा रडताना आणि भांडताना सुचते, तीत त्याला प्रार्थनाही करता यावी. ती इंग्रजी असेल तर इंग्रजी चालेल. मात्र आजीची प्रार्थना त्याला कळेल इतके मराठी घरात राहायला हवे, नाहीतर एका पिढीचा ठेवा दुसरीला नुसता ऐकू येतो, समजत नाही. चार गीते पाठ असली तरी पुष्कळ झाले. गीत पाठांतराच्या कष्टाशिवाय मनात राहते आणि दुखण्याखुपण्यात आठवते.

सणांचे मोल मोठी माणसे कमी लेखतात. ऑक्टोबरमध्ये येणारा उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा आगेरा, म्हणजे भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेणे, मुलाला देवाच्या दातृत्वाविषयी प्रवचनापेक्षा जास्त सांगून जातो. उरणच्या शेतांवर आता गोदामे उभी आहेत. म्हणून गावाकडच्या आगेऱ्याला मुलांना मुद्दाम न्यावे. नाताळात गोठा तयार मिळतो तसा आणू नये, मुलांना करू द्यावा. प्रायश्चित्तकाळात (लेंटमध्ये) मूल चॉकलेट सोडते, तेव्हा वाचलेले पैसे कोणाला द्यायचे हे त्यालाच ठरवू द्यावे आणि ते त्याच्या हातून द्यावेत. नाहीतर उपवास हा नुसता मनाईहुकूम वाटतो.

शेजारच्यांच्या श्रद्धेचा प्रश्न लवकरच येतो. द्रोणागिरीच्या डोंगरावर चर्चचे अवशेष आहेत आणि पायथ्याशी करंजाला द्रोणागिरी देवीचे मंदिर आहे. सोसायटीत गणपती बसतो, मित्र आरतीला बोलावतो. मुलाने काय करावे हे घरात आधी बोललेले असावे. आपली प्रार्थना कोणती हे स्पष्ट सांगावे. मित्राच्या देवाची टिंगल घरात कधीही होऊ देऊ नये. ज्या घरात दुसऱ्याच्या श्रद्धेची चेष्टा होते, तिथले मूल पुढे स्वतःच्या श्रद्धेचीही चेष्टा करायला शिकते. आई-वडील भिन्न धर्मांचे असतील तर कॅथलिक बाजूने मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन लग्नाआधी दिलेले असते आणि दुसऱ्या बाजूला त्याची कल्पनाही दिलेली असते. तो विषय मुलांसमोर भांडणात काढू नये.

बारा-तेरा वर्षांनंतर मूल प्रश्न विचारू लागते, आणि बरेच पालक इथे गडबडतात. आजारी आजी प्रार्थना करूनही का गेली? विज्ञान आणि उत्पत्तीचे पुस्तक यांचा मेळ कसा घालायचा? ‘असे विचारू नये’ हे यातल्या कशाचेच उत्तर नाही. ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि धर्मगुरूंना किंवा पाळकांना दोघांनी मिळून विचारावे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुढे मुलीला कोणती धर्मतत्त्वे शिकवायची यावरून, ज्यांना त्या गुरुस्थानी मानत त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीच त्यांचे मतभेद झाले आणि आई म्हणून आपला अधिकार त्यांनी सोडला नाही. स्वतः प्रश्न विचारणाऱ्या आईची ही मुलगी मोठेपणी केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आईचा उजवा हात झाली.

सक्तीने काय साधते, याचे उत्तर टिळकांच्या घरात सापडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही आपल्या विचाराने चालल्या आणि मनाची खात्री पटल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन पुढे त्यांनीच पूर्ण केले. मुलांच्या बाबतीतही उपासनेला घरच्या नियमाने यावे असा आग्रह लहानपणी योग्य ठरतो. कॉलेजच्या वयात त्याच आग्रहाने मूल शरीराने येते, इतकेच.

सगळे नीट करूनही मूल दूर जाऊ शकते. शमुवेलासारख्या संदेष्ट्याचे मुलगे लाचखाऊ निघाले, हे बायबल लपवत नाही. संत मोनिकाने आपला मुलगा ऑगस्टीन याच्यासाठी कित्येक वर्षे प्रार्थना केली आणि ३८७ च्या पास्काच्या रात्री मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. अशा वेळी पालकांनी स्वतःला दोष देत बसू नये, जेवणाच्या ताटावर टोमणे मारू नयेत आणि मुलगा येत नाही म्हणून स्वतःचे रविवारी चर्चला जाणेही सोडू नये.