लग्नचौकातील पालघट देवी



वारली चित्र म्हटले की तारप्याच्या तालावर फेर धरणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. शाळांच्या भिंतींवरही आपण तीच रंगवितो. परंतु या कलेचे मूळ ज्या लग्नचौकात आहे, त्याच्या मध्यभागी असते पालघट, सृष्टीच्या सुफलतेची देवी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहावयाचा तो सुवासिनींनी. आणि परंपरेने चौकावाचून लग्न लागत नाही.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात कागद पोहोचविला. जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर शेते, शिकारी, कथा आणल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सर्व उचितच झाले. मात्र कागद प्रामुख्याने पुरुषांच्या हाती गेला, आणि चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे क्वचितच नोंदली गेली. लग्नघरी जी देवी साक्षीला असते, ती बाजारात नुसती नक्षी ठरली.

आपल्या गावी एखादी वृद्धा अजून चौक लिहीत असेल, तर शिक्षकांनी मुलांना तिच्या घरी न्यावे. पंचायतीनेही भिंत रंगविण्याचे काम काढताना प्रथम तिला विचारावे. चौकाची पहिली रेघ कोठून धरावयाची, हे तिला ठाऊक आहे.