घर शाकारणारे हात
(शहापूर-मुरबाड परिसरातील तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईच्या त्या दिवसाच्या कथा सर्वांना पाठ आहेत. त्याच पावसात उल्हास नदीलाही महापूर आला होता. आपल्या काळू आणि भातसा या नद्या त्याच खोऱ्यातल्या. शिवाय दरवर्षी मेअखेरीस वळवाचा वारा पाड्यांवरील पत्रे उचलतो, त्याची बातमीही होत नाही.

आपत्तीत धावून जाणे हा आपला संस्कार आहे. शिधा, चादरी, भांडी घेऊन कार्यकर्ते पोहोचतात. आठ दिवसांनी ते परततात आणि ताडपत्रीखालचे कुटुंब तिथेच राहते. कारण छप्पर नीट करणारा माणूस पहाटेच्या लोकलने आसनगावहून मुंबईला कामाला गेलेला असतो! पूर्वी पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हे गावातल्या गावात होई. आज कौले बसविणारा हात शोधावा लागतो. म्हणून माझे म्हणणे असे की, घरदुरुस्ती हा येथील तरुणांनी उभारावयाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. एक गवंडी, एक सुतार, एक वीजतंत्री आणि दोन मदतनीस एवढ्या तुकडीने प्रारंभ होऊ शकतो.

हे काम नव्या बांधकामाहून वेगळे आहे. पुराचे पाणी शिरलेल्या घरात प्रथम मुख्य वीजपुरवठा बंद करावयाचा आणि तपासणीनंतरच सुरू करावयाचा. गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो फरशीला घट्ट धरतो. भिंत पूर्ण सुकल्याखेरीज रंगाला हात लावू नये, घरमालकाने कितीही घाई केली तरी. कारवीच्या कुडाला किंवा मातीच्या भिंतीला मजबुतीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा देतात. त्याने आतली ओल कोंडते आणि भिंत पोखरते. तिथे माती-शेणाचाच लेप योग्य. निरनिराळ्या कारखान्यांची मंगलोरी कौले एकमेकांत नीट बसत नाहीत. म्हणून मोडलेल्या जुन्या घरांची कौले छाप पाहून जपून ठेवावीत. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत तर सोडलीच पाहिजे. वाऱ्यात तो दगडच डोक्यावर येतो. पत्रा आकड्यांनी वाशाला जखडावा, भोक उंचवट्यावर पाडावे आणि वायसर घालावा.

तलाठ्याचा पंचनामा होण्यापूर्वी मोडतोड हलवू नये. छायाचित्रे घ्यावीत, तोवर ताडपत्री टाकावी. केंद्राच्या २०२२-२६ या कालावधीच्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास ४,००० रुपये ठरले होते. एवढ्यात छप्पर होत नाही, हे उघड आहे. म्हणून कोणी सांगेल, अंदाजपत्रक फुगवून द्या. ते देऊ नका. एकदा खोटा कागद दिला की पुढच्या वर्षी खरा कागदही कोणी मानणार नाही.

आता अवघड प्रश्न. संकटात सापडलेल्याकडून पैसे घ्यावेत का? माझे उत्तर आहे, घ्यावेत. फुकट काम करणारी तुकडी दुसरा पावसाळा पाहत नाही. मात्र वादळाच्या दुसऱ्या दिवशी भाव चढविणे हे पाप आहे. दर मे महिन्यातच ठरवावेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत आणि दिवाळीपर्यंत बदलू नयेत. ज्या कातकरी वा ठाकर कुटुंबाला ते परवडत नाहीत, त्याचे देयक समाजाने भरावे. त्याचा भार सुताराच्या मजुरीवर पडता कामा नये.

भांडवलाचा बाऊ नको. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आणि गवंडी त्यांत आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, नंतर ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख आणि पुढे २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, हे ध्यानात ठेवावे. वीजतंत्री तिच्यात येत नाही. त्याने मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतच्या 'शिशु' कर्जासाठी बँकेत जावे.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी प्रत्येक तुकडीने आपल्या गावातील दहा छपरे शिडी लावून पाहावीत आणि फुटक्या कौलांची यादी घरमालकाच्या हाती द्यावी. या पाहणीचे पैसे घेऊ नयेत.