भातानंतरचे अळसांदे



दिवाळीच्या सुमारास गोव्यातील सरद भाताची कापणी आटोपते आणि त्यानंतर कितीतरी शेते पुढील पावसाळ्यापर्यंत ओस पडलेली दिसतात. जेथे पाण्याची सोय आहे तेथे वायंगणाचे भात लावले जाते. म्हणजे एकीकडे जमीन रिकामी, तर दुसरीकडे भातावर पुन्हा भातच. या दोहोंमधला मार्ग पूर्वजांना अवगत होता. कापणीनंतर मातीत उरलेल्या ओलीवर ते अळसांदे, कुळीथ, मूग घेत असत. पिकांची फेरपालट हे नाव त्यांनी ऐकलेले नसेल. अळसांद्यांचे तोणाक मात्र घरोघरी शिजत होते.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. जमिनीतील विद्राव्य नत्र या पाण्याबरोबर वाहून अथवा झिरपून जाते. भाताला तर नत्राची गरज मोठी, आणि त्याची मुळे उथळ असल्याने ते दरवर्षी मातीच्या त्याच वरच्या थरातून अन्न उचलते. शिवाय खोडकिडा कापलेल्या भाताच्या धसकटांत दडून राहतो. लगेच दुसरे भात लावले की त्याला आयतेच खाद्य मिळते. धसकटे नांगरून मध्ये कडधान्य घेतले की ही साखळी तुटते.

कडधान्याचे दुसरे कार्य जमिनीखाली चालते. हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नत्राचा असूनही भाताला तो थेट घेता येत नाही. अळसांद्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू मात्र तो पकडतात, वनस्पतीला देतात आणि मोबदल्यात तिच्याकडून साखर घेतात. १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने अशा गाठींतील जीवाणू वेगळे काढून दाखविले.

हे कार्य चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर पाचेक आठवड्यांनी एखादे रोप उपटू नये, तर खोऱ्याने मातीसकट अलगद उचलावे. उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे धुऊन एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी वा लालसर निघाली तर जीवाणू कामाला लागले आहेत असे समजावे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर ती निरुपयोगी होय. अशा शेतात पुढील वर्षी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जीवाणूसंवर्धक चोळावे आणि बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कडधान्य पेरले की जमीन आपोआप सुपीक होते, असे नव्हे. पकडलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर घरी येतो. शेंगा खुडल्यावर वेल मुळासकट उपटून बांधावर जाळले, तर जमिनीच्या पदरी फारसे काही पडत नाही. वेल व पाला तेथेच नांगरून गाडला तरच पुढच्या सरद भाताला त्याचा लाभ मिळतो. खाजन शेतांची गोष्ट मात्र निराळी. उन्हाळ्यात तेथे क्षार वर येत असल्याने अळसांदे साधत नाहीत.

मग हे पीक मागे का पडले? पुष्कळ ठिकाणी त्याचे कारण मातीत नसून गुरांत आहे. कापणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. साऱ्या शेतांत एकट्याचेच शेत हिरवे राहिले, तर गावची गुरे तेथेच लोटतात आणि तो शेतकरी पुन्हा म्हणून कडधान्याच्या वाटेला जात नाही. एकट्याने कुंपण घालणे परवडत नाही; पण लगतच्या सर्व कुळांनी एकाच आठवड्यात पेरणी केली, तर कडेने एकच कुंपण पुरते आणि राखणीच्या पाळ्याही लावता येतात. गुरांसाठी कोणता भाग मोकळा ठेवायचा, हेही त्याच बैठकीत ठरवावे. ही बैठक कापणीपूर्वीच व्हावयास हवी, कारण भात निघाल्यावर जमिनीतील ओल थोडेच दिवस टिकते.